हसण्याची सुनावणी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, सर्वसाधारण सभेच्या आदल्या सायंकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या पहिल्या सायंकाळी एखाद्या वाङ्मयीन विषयावर व्याख्यान व्हावे, ही आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. यंदा तो मान आम्हास दिल्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहो. विषय निवडण्याची मोकळीक चिटणिसांनी दिली होती; मात्र तो थोडा हलकाफुलका असावा, अशी त्यांची सूचना होती. ती शिरसावंद्य मानून आम्ही हास्यविनोद हाच विषय घेतला आहे. परंतु विनोदावरचे व्याख्यान विनोदी असतेच असे नाही, हे आरंभीच सांगून ठेवणे बरे.

आज आम्ही आपल्यापुढे एका कादंबरीची कथा ठेवणार आहो. कादंबरी परदेशातील आहे, परक्या भाषेतील आहे आणि तिच्यातील माणसांची नावे आपल्या जिभेवर चटकन बसणारी नाहीत. तथापि कथा पुरी ऐकल्यावर ती आपणास फारशी परकी वाटणार नाही, असा आम्हास भरवसा आहे. उद्याच्या सभेपुढे जो एक विषय यावयाचा आहे, त्याच्याशीही तिचा संबंध पोहोचतो. तो कसा, हे शेवटी सांगू.

कादंबरीचे नाव 'झेर्ट'. चेक भाषेत या शब्दाचा अर्थ थट्टा. लेखक मिलान कुंदेरा. यांचा जन्म १ एप्रिल १९२९ रोजी बर्नो या शहरी झाला; म्हणजे ज्या दिवशी लोक एकमेकांस हौसेने फसवतात, त्याच दिवशी थट्टेचा हा इतिहासकार जन्मास आला. 'झेर्ट' ही त्यांची पहिली कादंबरी. १९६५ च्या अखेरीस ती लिहून पुरी झाली, सुमारे वर्षभर सरकारी तपासनिसांकडे अडकून पडली आणि १९६७ साली प्राग येथे एकही शब्द न बदलता प्रसिद्ध झाली. त्या वेळी तो देश चेकोस्लोव्हाकिया म्हणून ओळखला जात असे. १९९३ साली त्याची दोन राष्ट्रे झाली.

कथेचा आरंभ १९४८ नंतरच्या काळात होतो. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत तेथे कम्युनिस्ट पक्षाच्या हाती सत्ता आली. लुडविक यान हा प्रागच्या विद्यापीठातील हुशार विद्यार्थी. पक्षाचा निष्ठावंत सभासद, विद्यार्थिसंघटनेचा पदाधिकारी आणि स्वभावाने थट्टेखोर. त्याच वर्गातील मार्केटा नावाची मुलगी त्याला आवडते. मुलगी सालस, अभ्यासू. परंतु थट्टा मुळीच न समजणारी. तिला काहीही सांगावे, ती ते अक्षरशः खरे मानी. एका उन्हाळ्यात ती पक्षाच्या शिक्षणवर्गास निघून गेली. तेथून तिची पत्रे येऊ लागली ती आनंदाने ओसंडणारी. व्याख्याने उत्तम, व्यायाम उत्तम, वातावरण निरोगी, भवितव्य उज्ज्वल. लुडविकचा विरह मात्र पत्रात कोठेच नाही. बिचारा चिडला आणि तिला डिवचण्यासाठी त्याने एक पोस्टकार्ड लिहिले. त्यात अवघी तीन वाक्ये होती. पहिल्या दोहोंत आशावादाची आणि त्या निरोगी वातावरणाची टर उडवली होती. तिसऱ्यात ट्रॉट्स्कीचा जयजयकार केला होता. स्टालिनच्या अमदानीत ट्रॉट्स्की हे नाव म्हणजे द्रोहाचे दुसरे नाव. लुडविकला त्या ट्रॉट्स्कीशी काडीचेही कर्तव्य नव्हते. रुसलेल्या प्रियकराने मुद्दाम काढलेला तो एक चिमटा होता, इतकेच.

पोस्टकार्ड म्हणजे उघडे पत्र. ते पक्षाच्या मंडळींच्या हाती पडले आणि लुडविकला बोलावणे आले. समोर बसलेले तिघे त्याच्याच बरोबरीचे विद्यार्थी, रोजच्या ओळखीचे. त्यांनी कार्डावरील एकेका वाक्याचा अर्थ त्याला विचारला. आशावादाबद्दल तुझे काय मत? हे वातावरण तुला दूषित वाटते काय? ट्रॉट्स्कीविषयी तुला आपुलकी केव्हापासून? लुडविकचे उत्तर एकच: मी थट्टा केली. श्रोतेहो, आमच्या मते साऱ्या कादंबरीचे मर्म या एका प्रसंगात आहे. थट्टा ही अशी वस्तू आहे की ती उलगडून सांगू लागताच नाहीशी होते आणि हातात केवळ शब्द उरतात. त्या तिघांनी शब्द तेवढे पकडले. शब्द तर खरोखरच लिहिलेले होते, सही खरोखरच लुडविकची होती. मग बचाव कसा करणार?

याहून विलक्षण गोष्ट पुढे घडते. प्रश्नोत्तरे वाढत गेली तसतसा लुडविक स्वतःकडे त्या तिघांच्या डोळ्यांनी पाहू लागला. पूर्वी एकदा बैठकीत त्याच्यावर टीका झाली होती की, याचे हसणे बुद्धिमंतांच्या तोऱ्यातले आहे, त्यात व्यक्तिवादाचा अवशेष आहे. तेव्हा त्याने ती मनावर घेतली नव्हती. आता त्याला शंका येऊ लागली की, मी खरोखरच तसा असेन काय? हसणारा माणूस आपल्या हसण्यालाच भिऊ लागला. समाजाचा विनोद हरवतो तो असा, आतून.

यानंतर पक्षसभा भरली. अध्यक्षस्थानी पावेल झेमानेक, लुडविकचा मित्र. हा आपणास वाचवील, अशी लुडविकला आशा होती. झेमानेक उत्तम वक्ता. त्याने प्रथम यूलियस फुचिक यांच्या पुस्तकातील उतारा वाचून दाखवला. फुचिक हे चेक देशभक्त. नाझींनी त्यांना १९४३ साली फाशी दिले. तुरुंगात लपवून लिहिलेले त्यांचे ते पुस्तक त्या देशात पोथीसारखे वाचले जात असे. हुतात्म्याचे शब्द ऐकून सभा सद्गदित झाली, आणि त्या शांततेत झेमानेकने लुडविकचे पोस्टकार्ड वाचले. हुतात्म्याच्या रक्ताशेजारी थट्टेचे तीन शब्द ठेवले की ते पापच दिसणार. मत घेण्यात आले. सभागृहातील सुमारे शंभर हात वर गेले; त्यांत लुडविकचे शिक्षक होते, जिवलग स्नेहीही होते. पक्षातून हकालपट्टी, विद्यापीठातून हकालपट्टी. विद्यार्थी म्हणून असलेली सवलत गेल्यामुळे सक्तीची लष्करभरती ओढवली; तीही अशा पलटणीत की, जेथे राजकीय दृष्ट्या संशयितांच्या खांद्यावर काळी पट्टी लावली जाई आणि हाती बंदुकीऐवजी कुदळ दिली जाई. ओस्त्रावा येथील कोळशाच्या खाणीत त्याने उमेदीची वर्षे काढली. तीन वाक्यांच्या पोस्टकार्डाची ही किंमत!

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विनोद हरवलेला समाज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुर्मुखलेली, कपाळास आठ्या घातलेली माणसे उभी राहतात. कुंदेरा सांगतात ते निराळे आहे. त्या काळी प्रागमध्ये मिरवणुका होत्या, गाणी होती, फेर धरून नाचणे होते. चेहऱ्यावर हास्य नसणे हाच उलट अपराध ठरे. उत्सवाला तोटा नव्हता. तोटा होता तो केवळ उत्सवाकडे किंचित दूर उभे राहून पाहण्याच्या मोकळिकीचा. आनंद सक्तीचा होता म्हणून थट्टा निषिद्ध होती. तेव्हा एखाद्या समाजात किती जल्लोष चालतो, यावरून त्याच्या विनोदबुद्धीचे माप घेऊ नये. त्याच्या थोर गोष्टींविषयी घरचाच कोणी मिस्कीलपणे बोलला तर त्याचे पुढे काय होते, हे पाहावे.

दुसरी गोष्ट अशी की, त्या शंभर हातांत दुष्ट माणसाचे हात फार थोडे असावेत. कोणी श्रद्धेने हात वर केला असेल, कोणी शेजाऱ्याचा वर गेला म्हणून, कोणी आपला खाली राहिला तर उद्या आपलीच पाळी येईल या भीतीने. यांपैकी कोणता हात कशामुळे वर गेला, हे मोजताना कळत नाही. खाणीतून परतलेला लुडविक पुढे जन्मभर नवा माणूस भेटला की मनाशी हाच प्रश्न विचारतो: त्या सभेत हा असता तर याने हात वर केला असता काय?

आतापर्यंत आपली सारी सहानुभूती लुडविककडे गेली असेल. कुंदेरांचा मोठेपणा असा की, ते कथा येथे थांबवीत नाहीत. पंधराएक वर्षे लोटतात. लुडविक आता प्रतिष्ठित संशोधक झाला आहे. परंतु ती सभा त्याच्या मनातून गेलेली नाही. योगायोगाने त्याला झेमानेकची पत्नी हेलेना भेटते. ती नभोवाणीवर वार्ताहर असते. तिला मोहात पाडून झेमानेकचा संसार उद्ध्वस्त करावा, असा हीन बेत तो रचतो. मोराव्हियातील आपल्या जन्मगावी तिला बोलावून घेतो आणि बेत सिद्धीस नेतो. मग कळते ते असे की, त्या दाम्पत्यात नावापुरतेच नाते उरले आहे. झेमानेक दुसऱ्याच एका तरुणीबरोबर उजळ माथ्याने हिंडतो आहे. इतकेच नव्हे तर तो आता सुधारकी मतांचा, विद्यार्थ्यांचा आवडता प्राध्यापक झाला आहे. पत्नी परस्पर गेली तर त्याला हवेच आहे! ज्याचा सूड घ्यावयाचा तो माणूसच शिल्लक राहिलेला नाही. इकडे हेलेनाने लुडविकवर मनापासून जीव लावलेला. तिची निराशा होते आणि जीव देण्यासाठी ती हाती लागलेल्या वेदनाशामक गोळ्यांची सबंध बाटली घेते. परंतु बाटलीत गोळ्या असतात रेचकाच्या. हसावे की रडावे, हे वाचकाला कळत नाही.

एका थट्टेने लुडविकचे आयुष्य नासले हे खरे. परंतु त्या थट्टेची सजा मनात पंधरा वर्षे कुरवाळीत बसल्यामुळे तोही त्या तीन परीक्षकांइतकाच विनोदहीन झाला. दुसऱ्याला हसणारा हा माणूस स्वतःला हसावयास विसरला आणि त्याने एका निरपराध स्त्रीला आपल्या सूडाचे साधन केले. समाज विनोद गमावतो तेव्हा तो शिक्षा करणाऱ्याच्या हातून जातो, तसाच शिक्षा भोगणाऱ्याच्या हातूनही जातो, हा या कादंबरीचा खरा बोध आम्हास वाटतो.

ग्रंथकाराच्या वाट्याला काय आले, तेही सांगितले पाहिजे. कादंबरीवर वाचकांच्या उड्या पडल्या. १९६८ साली तिला तेथील लेखकसंघाचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. पुढे कुंदेरांची पुस्तके ग्रंथालयांतून काढून टाकण्यात आली, चित्रपटविद्यालयातील त्यांची अध्यापकाची जागा गेली. १९७५ साली ते फ्रान्सला गेले, १९७९ साली त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. ते परत मिळावयास २०१९ साल उजाडले. ११ जुलै २०२३ रोजी पॅरिस येथे ते निवर्तले. थट्टेवर लिहिलेल्या पुस्तकालाही थट्टेचीच सजा झाली म्हणावयाची!

१९८५ साली जेरुसलेम येथे पुरस्कार स्वीकारताना कुंदेरांनी फ्रेंच ग्रंथकार राबले यांच्या एका शब्दाचे स्मरण केले होते. ग्रीक भाषेवरून घडवलेला तो शब्द आहे 'अगेलास्त', म्हणजे न हसणारा. अशा माणसांची राबले यांना मोठी धास्ती वाटे. ही जमात एका देशाची, एका पक्षाची किंवा एका धर्माची नाही. ती सर्वत्र नांदते, आणि आपल्याकडेही ती नांदून गेली आहे.

पुण्याच्या पंचहौद मिशनातील चहाचे प्रकरण आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस ठाऊक असेल; तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. १८९० साली या मिशनात एक सभा झाली व सभेनंतर मंडळींपुढे चहाबिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी तेथे होती. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता ओठाला लावला. या प्रकरणामागे होते गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती; लोकांची फजिती करण्यात हा गृहस्थ पटाईत. त्यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणवली. झाले, शहरात ग्रामण्य उभे राहिले. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी नेमली गेली, साक्षी झाल्या आणि चहाच्या पेल्याला प्रायश्चित्त सांगण्यात आले. ग्रामण्यात सापडलेल्या घरी भिक्षुक पाऊल टाकावयास कचरू लागले. स्नेह्यांची अडचण होऊ नये म्हणून अखेर रानड्यांसारख्या पुरुषाने प्रायश्चित्त घेतले. एका मिस्कील माणसाच्या खोडीचा पोस्टकार्डासारखाच पुरावा झाला! आज ते सारे वाचून आपण हसतो. परंतु ज्या घरांवर तो प्रसंग आला, त्या घरांत कोणी हसले नसेल.

भगिनींनो आणि बांधवांनो, ज्ञातिसंस्था म्हटली की तिच्या पाठीमागे वाळीत टाकण्याचा हा इतिहास सावलीसारखा येतोच. पंक्तीतून उठवणे, रोटीबेटी बंद करणे, या शिक्षा ज्ञातिसभेने हात वर करूनच दिलेल्या असत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला व तो २०१७ पासून अमलात आला. विसाव्या शतकाला सोळा वर्षे मागे टाकल्यावरही असा कायदा लागावा, यातच पुष्कळ काही आले. आपले मंडळ शिष्यवृत्त्या देण्यासाठी, वसतिगृह चालवण्यासाठी आणि सुखदुःखात एकमेकांच्या दारी जाण्यासाठी आहे. न्यायनिवाडा करण्याची ती जुनी सवय आपण मागे टाकली, याचा आम्हास अभिमान वाटतो.

म्हणूनच उद्याच्या विषयासंबंधी दोन शब्द बोलतो. गतवर्षीच्या संमेलनात आपल्या तरुण मंडळींनी एक प्रहसन सादर केले. त्यात वधूवरसूचक समितीची टिपणवही होती, 'गोरी, सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष' असा जप करणारे वरपिते होते, देणगीचा आकडा ऐकल्यावर खुर्ची पुढे सरकवणारे पदाधिकारी होते. सभागृह पोट धरून हसले. पंधरा दिवसांनी मात्र काही ज्येष्ठांची लेखी तक्रार आली की, यात ज्ञातीची बदनामी झाली असून संबंधित दोघा तरुणांचे सभासदत्व रद्द करावे. तरुणांनीही उत्तरादाखल असे कळवले की, मग आम्ही मंडळाच्या कोणत्याही कार्यास हात लावणार नाही. हे दोन्ही कागद उद्या सभेपुढे येतील.

तक्रार करणारे ज्येष्ठ आम्हास पूज्य आहेत. हे मंडळ त्यांनी पदरमोड करून उभे केले. भाड्याच्या एका खोलीत, चटईवर बसून त्यांनी सभा चालवल्या. ज्या वास्तूसाठी आपण झिजलो, तिच्यावर कोणी हसले तर मनाला लागते; ते लागणे खोटे नाही. प्रत्येक थट्टा निर्दोष असते, असेही आमचे म्हणणे नाही. विधवेच्या एकटेपणावर, गरिबाच्या फाटक्या कोटावर, मुलीच्या रंगावर केलेला विनोद हा विनोद नव्हे. ती दुबळ्याला मारलेली लाथ होय. परंतु या प्रहसनात मुलीच्या रंगाला कोणी हसले नाही. रंग विचारणाऱ्याला हसले. हा भेद आपण विसरू नये.

आपल्याच घरातील दंभाला हसणे ही आपल्या भाषेची तर परंपराच आहे. नाथांच्या भारुडांनी ते केले. संस्कृत नाटकांतील विदूषक जातीने ब्राह्मण, आणि ब्राह्मणाच्या खादाडपणाची टर उडवणाराही तोच. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' मध्ये आपल्याच समाजाच्या खुळ्या रूढींना इतके गुदगुल्या केल्या की, त्यांतील कित्येक हसण्यानेच खिळखिळ्या झाल्या. आपल्या घरच्या लग्नांत विहिणींना उद्देशून म्हटलेल्या गाण्यांत काय काय म्हणत नसत! तरी पंगत मोडत नसे. उलट जी विहीण हसून दोन ओळी परत फेके, तिचाच मान वाढे.

तेव्हा उद्याच्या सभेस आमची नम्र विनंती अशी आहे. ज्येष्ठांची तक्रार वाचली जावी, तरुणांनी ती उभे राहून, मान देऊन ऐकावी आणि कोणाच्या मनाला काय लागले, हे त्यांच्याकडून समजून घ्यावे. तरुणांनीही आपल्या रुसव्याचा लुडविक होऊ देऊ नये. मंडळाचे कार्य सोडण्याची धमकी मागे घ्यावी. परंतु सभासदत्व रद्द करण्याच्या प्रश्नावर मत घेतले जाऊ नये. तो प्रश्न सभेपुढे आला की, कोणाचा हात कशासाठी वर गेला, हे पुढे कित्येक वर्षे प्रत्येक घर मोजीत बसेल. एकमेकांच्या घरी हळदीकुंकवास जाताना आपण तेच आठवू. शंभर हात वर होतील किंवा दहाच होतील. पण ज्या दोघांविरुद्ध ते होतील, त्या दोघांना ते जन्मभर दिसत राहतील. त्यापेक्षा यंदाच्या संमेलनात ज्येष्ठांनीच तरुणांवर एक प्रहसन लिहावे. तरुणांत टिपण्याजोगे थोडके नाही! त्यातील वरपित्याची भूमिका तक्रारकर्त्यांपैकी कोणी स्वीकारली, तर पहिल्या रांगेतील आसन आम्ही आजच राखून ठेवतो.

 ज्ञातीतील वडीलधारे दीर्घायुषी होवोत, तरुण कर्ते होवोत, आणि या सभागृहात हात वर व्हावयाचे ते केवळ टाळ्यांसाठी व मदतीसाठी होवोत, इतकी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.